दोन्ही बाजूंचा कठडा

मोर्शी,
रविवार, १० सप्टेंबर २००६

प्रिय मोहसीन,

अस्सलामु अलैकुम. तू, सईदा आणि दानियाल मजेत असाल अशी आशा आहे. सईदाचे गुडघे पावसाळ्यात जास्त दुखतात, तिला जिना कमी चढायला सांग. दानियालला गणित जड जातंय असं ती मागे म्हणत होती. त्याला म्हणावं, सूत्रं पाठ करत बसू नकोस, आधी आकृती काढ. दिवाळीच्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठव, आठवडाभरात रुळावर आणते.

इकडे यंदा पाऊस फार झाला. अंबिया बहाराची संत्री झाडावरच सडून गळताहेत. वरुडकडची बस आली की तिच्या चाकांना लागलेल्या चिखलालाही संत्र्याचा आंबूस वास येतो. तुझ्या दुकानात पंपाचं गिऱ्हाईक यंदा कमीच असेल.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. "आपा, सब ठीक?" असं विचारतोस आणि "ठीकच असणार" हे उत्तरही तूच देऊन टाकतोस. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. कृपा करून गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकं करता करता वाचू नकोस. घरी जा, जेव, मग वाच.

इकडची मोठी बातमी म्हणजे शाळेच्या रॅम्पचा कठडा बदलायचा आहे. तुला वाटेल ही काय बातमी झाली. पण गेला महिनाभर मी दुसऱ्या कशाचाही विचार केलेला नाही.

तो रॅम्प तू पाहिला आहेस. फाटकातून आत आलं की डावीकडे पायऱ्या, आणि पायऱ्यांना लागून व्हरांड्यापर्यंत चढत जाणारा सिमेंटचा उतार. उताराच्या पायऱ्यांकडच्या अंगाला पाइपाचा कठडा होता. दुसऱ्या अंगाला काहीच नाही, खाली सांडपाण्याची नाली. मी नोकरीला लागले तेव्हा हा उतारही नव्हता. रोज सकाळी शाळेचे दोघे शिपाई मला खुर्चीसकट उचलून वर नेत. माणसं भली होती, कधी कुरकुर केली नाही. पण आज तरी ते दोघं हजर असतील ना, असा विचार करत घरातून निघायचं आणि वर गेल्यावर मुलांना कोन आणि त्रिज्या शिकवायच्या, हे किती जड जातं ते मी तुला कधी सांगितलं नाही. रॅम्प झाला त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने चाक फिरवत, कठडा धरत वर गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण या शाळेत नोकरीला आहोत.

त्या कठड्याला दर पंधरा ऑगस्टच्या आधी निळा ऑइलपेंट मारत. खांब जिथे सिमेंटात शिरतात तिथे पाणी मुरतं, लोखंड आतून खाल्लं जातं, आणि वरून रंग मात्र तुकतुकीत. हाताखाली पाइप हलतो हे मी गेल्या वर्षापासून सांगत होते. आमच्या मुख्याध्यापिका साधनाबाई दर वेळी म्हणायच्या, "ठेवू या पुढच्या सभेत." सभा होत होत्या. चहा येईपर्यंत कठड्याचा विषय निघतच नव्हता.

जुलैमध्ये एका सकाळी तो बुडातून निघाला.

आता नवा करायचा, तर संस्थेचे अध्यक्ष खुशालराव यांनी स्वतः बेत आखला. मला विचारलं नाही. मला कळलं ते नितेशकडून. तो माझाच जुना विद्यार्थी, आता बस स्टँडमागे त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. माप घ्यायला आला आणि मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बाई, तुमाले इकून काहून नाही दिलं?" म्हणाला. "अध्यक्षसाहेब म्हनते, फाटकातून दिसते तेवढीच बाजू करायची."

फाटकातून दिसते तेवढीच बाजू. चकचकीत स्टील, दोन्ही टोकांना मोठाले गोळे, मध्ये संस्थेच्या नावाची पट्टी. उतार संपायच्या आधीच कठडा संपणार, कारण वर फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या आहेत. नालीकडची बाजू उघडीच, कारण ती रस्त्यावरून दिसत नाही.

मी त्या रात्री कागदावर नीट आकृती काढली. कठडा दोन्ही बाजूंना हवा. चालणाऱ्यांसाठी वरचा पाइप, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याला ताण पडू नये म्हणून त्याखाली दुसरा. चढ सुरू होण्याच्या थोडा आधी तो सुरू व्हावा आणि वर सपाटीवर थोडा पुढे जाऊन संपावा, कारण खुर्ची मागे घसरायची भीती असते ती नेमकी शेवटच्या वीतभर जागेत. पाइप मुठीत मावेल असा गोल हवा. आणि उघडं स्टील नको. मोर्शीच्या मे महिन्यात, दहावीच्या उन्हाळी वर्गांना, दुपारी त्या स्टीलला खुशालरावांनी एकदा हात लावून पाहावा.

काल त्यावर सभा झाली. शाळा समिती आणि पालक प्रतिनिधी. मी आकृती पुढे ठेवली. खुशालरावांनी ती उलटी धरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"बाई, दोन बाजू कायले पाह्यजे? तुमी तं एकल्या. एक डाव जानं, एक डाव येनं."

मी म्हटलं, "चढताना जी बाजू उजव्या हाताला असते तीच उतरताना डाव्या हाताला येते, खुशालरावजी. मला दोन्ही वेळा उजवा हात लागतो."

"मंग उतरतानी उलट्या उतरा."

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. शिक्षकांपैकीही दोघं हसले, त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. मला वाटलं, आता अध्यक्षांनाच लाज वाटेल. तर ते पुढे म्हणाले, "एक डाव पडल्या म्हनून काय साऱ्या शाळेले कुंपन घालाचं?"

हो, मोहसीन. पडले. तो कठडा निघाला तेव्हा त्याला धरून वर जाणारी मीच होते. पाइप माझ्या मुठीतच राहिला आणि खुर्ची दुसऱ्या बाजूने नालीत गेली. नववीच्या पोरींनी मला बाहेर काढलं. डावं मनगट मोडलं, अमरावतीला नेऊन प्लास्टर घातलं, ते गेल्या आठवड्यात निघालं. मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू म्हणाला असतास, "मी सांगतच होतो," आणि मला ते दुखऱ्या हाताने ऐकायचं नव्हतं.

तर सभा. मी म्हटलं, मी पडले ते माझ्या चुकीने नाही, तुमच्या गंजाने. तेव्हा खुशालरावांचा आवाज चढला. म्हणाले, "चहूकडे कास्तकार मरून राहिले, बाई. पेपर उघडला का रोज एक नाव. अन् तुमाले कठड्याची पडली? या मनकर्णाबाई बसल्या इथं. यायच्या घरचा मानूस गेला. यायले विचारा, दुख कशाले म्हनते."

मनकर्णाबाई म्हणजे माझ्या नववीतल्या एका मुलीची आई. नवरा गेल्या वर्षी गेला. कसा, ते खुशालराव म्हणतात त्यावरून तू समज. बाई दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला जाते आणि पालक प्रतिनिधी म्हणून सभेला येऊन कोपऱ्यात बसते. माझ्यावर तिचा राग आहे, कारण मी तिच्या मुलीला चाचणीत नापास केलं. मला वाटलं, ही मान हलवणार.

ती उठली. पदर खोचला. म्हणाली, "या बाईनं माह्या पोरीले नापास केलं. मले नाही आवडत ते. पन अध्यक्षसाहेब, माहा मानूस गेला तवा तुमी आमच्या दारापर्यंत नाही आले. आज मीटिंगमधी त्याचं नाव कायले घेता?"

खुशालराव समोरचे कागद सारखे करू लागले.

"त्याच्या मरनानं तुमचा खर्च वाचवू नका," ती म्हणाली. "तो असता तं त्यानंच बाईले नालीतून काढलं असतं. करा तिच्या मनानं. पोरी रोज पाहून राहिल्या, बाई पडल्यावर तुमी काय करता ते."

आणि खाली बसली. मोहसीन, इतक्या वर्षांत या शाळेत माझ्यासाठी कुणी एवढं बोललं नव्हतं, आणि बोलली ती जिला मी आवडत नाही. एका बाईचं दुःख दुसऱ्या बाईच्या डोक्यावर मारायला काढायचं आणि त्याला शेतकऱ्यांचा कळवळा म्हणायचं, हे मला कधी नीट शब्दांत मांडता आलं नसतं. तिने चार वाक्यांत मांडलं.

सभा तिथेच संपली असती तर हे पत्र मी तुला हसत लिहिलं असतं.

मग खुशालरावांनी शेवटचा पत्ता टाकला. साधनाबाईंकडे वळून म्हणाले, "अन् आपन कोनासाठी भांडून राहिलो? बाई तं दिवाळीनंतर राजीनामा देऊन राहिल्या. यायच्या भावानंच सांगतलं मले अकोल्यात. लग्नाले गेलो होतो, त्याच्या दुकानात चहा घेतला. तो म्हने, आपाले आता घरीच न्याचं हाय, तुमी कठड्याच्या भानगडीत पडू नका."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मनकर्णाबाईनेही. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. जणू तिने सगळ्यांदेखत स्वतःच्या घरचं उघडं केलं ते अशा बाईसाठी, जिचं सामान आधीच बांधून झालंय.

मी म्हटलं, "मी कुठेही जात नाही. असं मी कुणालाही सांगितलेलं नाही." पण ते वाक्य कसं वाटत होतं, तुला सांगू? खोटं वाटत होतं. कारण भाऊ बोलला म्हणजे बहिणीचं ठरलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पटलेलं होतं.

घरी आल्यावर मला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे. खुशालराव अकोल्याला लग्नाला आले ते ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि तुमच्यात कठड्याचा विषय निघाला तो माझ्या पडण्यावरूनच असणार. म्हणजे मी नालीत पडले, माझा हात मोडला, हे तुला तेव्हापासून माहीत आहे. त्यानंतर तू मला कितीदा तरी फोन केलास. "आपा, बारिश कैसी है उधर?" मी प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून तुला पावसाचं सांगत होते, आणि तू ते माहीत असून ऐकत होतास. मी लपवलं ते माझ्या हाताचं होतं. तू लपवलंस तेही माझंच होतं.

तू काळजीने बोललास, हे मला माहीत आहे. तुला कुणीतरी म्हणालंही असेल की भाऊ चांगला कमावता असताना अपंग बहीण परगावी एकटी का राहते. पण काळजी असली की विचारावं लागत नाही, हे तू कुठे शिकलास? अब्बांकडे तर नाही. अब्बा मला सायकलवर बसवून शाळेत न्यायचे. वर्गाच्या दाराशी उतरवताना रोज विचारायचे, "बेटी, बाकावर बसवू की खाली?" रोज मी म्हणायची बाकावर. तरी रोज विचारायचे. पाय चालत नसलेल्या सहा वर्षांच्या पोरीला अब्दुल रहीम टेलर विचारत होते, आणि त्यांचा मुलगा पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेची नोकरी चहा पिता पिता सोडून देतो.

तुझ्या एका वाक्यावर खुशालरावांनी माझा कठडा अर्धा केला, मोहसीन. ती उघडी राहिलेली बाजू त्यांची आहे तेवढीच तुझीही आहे.

फोन करू नकोस. मी उचलणार नाही. मोर्शीला ये. माझ्या घरी नंतर, आधी शाळेत जा. ज्यांच्यासमोर बोललास त्यांनाच सांग की ते माझं म्हणणं नव्हतं. माफी मला नको आहे. माझं नाव घेऊन तू जे वाक्य दुसऱ्याच्या हातात दिलंस ते परत घेऊन ये.

सईदाला सलाम. तिला हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल. किंबहुना दे.

अजून नोकरीत असलेली,
तुझी आपा

—

मोर्शी,
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

प्रिय मोहसीन,

अस्सलामु अलैकुम. ईदला सईदाने पाठवलेला शिरखुर्म्याचा मसाला अजून पुरतोय. दानियाल सुट्टीत राहून गेला, त्याचं गणित वाईट नाही, आळस वाईट आहे. जाताना माझी पट्टी घेऊन गेला, ती परत पाठव.

रमजानात तू आलास त्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. तू रोजा धरून, उन्हात दोन बस बदलून आलास. आधी शाळेत गेलास, हे मला दुसऱ्या दिवशी साधनाबाईंनी सांगितलं. तू उभ्यानेच बोललास म्हणे, अध्यक्षांनी खुर्ची दिली तरी बसला नाहीस. "आपाने मला काही सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनचं बोललो. नोकरी तिची आहे, ती केव्हा सोडायची ते तिचं." खुशालराव म्हणाले, "अहो, पन तुमी भाऊ हाय." तर तू म्हणालास, "म्हणूनच चुकलो." साधनाबाई हे सांगताना रडल्या. त्या फार लवकर रडतात. मी रडले नाही. पण ऐकून घेतलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं.

संध्याकाळी तू घरी आलास. आपण खजूर खाल्ले, भजी खाल्ली, आणि तू पुन्हा पंपांचं बोलत बसलास. मी तुला शुक्रिया म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. बिघडवलेलं नीट करणं हे उपकार नसतात. पण तू आलास हे मी विसरणार नाही, एवढं लिहून ठेवते.

निघताना दाराशी तू विचारलंस, "हाथ कैसा है?" मी म्हटलं, "ठीक."

ठीक नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. हाड जुळलं, पण नस दबली गेली. बोटं वाकतात, मूठ वळत नाही. डाव्या हाताने पाण्याचा पेला धरता येतो, भरलेली बादली नाही. चाकाची कडा धरता येत नाही, नुसता तळवा दाबून ढकलते, तो घामाने सरकतो. सभेत मी "मला दोन्ही वेळा उजवा हात लागतो" म्हटलं होतं. तो का लागतो हे मी तिथे सांगितलं नाही, तुलाही त्या पत्रात लिहिलं नाही. सांगितलं असतं तर खुशालरावांनी त्याच क्षणी म्हटलं असतं, मग बाईंना घरीच बसू द्या. आणि तू अकोल्यात तेच म्हटलं असतंस, फक्त गोड आवाजात.

आता तू म्हणशील, बघ, म्हणूनच तर मी सांगत होतो. नाही. त्यांच्या गंजलेल्या पाइपाने माझा हात घेतला, म्हणून मी माझी नोकरीही त्यांना देऊन टाकायची, हा कुठला हिशोब? फळ्यावर मी उजव्या हाताने लिहिते. डोकं जागेवर आहे. मला फक्त दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी हवं होतं.

ते मिळालं. तू येऊन गेल्यावर खुशालरावांचा शेवटचा पत्ताही गेला. मनकर्णाबाईने आणखी काही आयांना सोबत आणलं आणि पुढच्या सभेत त्या सगळ्या पहिल्या रांगेत बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. साधनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांना न विचारता ठराव वाचला: कठडा बाईंच्या आकृतीप्रमाणे. खुशालराव म्हणाले, "करा मंग," आणि मिटिंगमधून उठून गेले. दिवाळीच्या सुट्टीत नितेशने काम केलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाइप, खांबांच्या बुडाशी पाणी थांबणार नाही अशा सिमेंटच्या उतरत्या बैठका, आणि उन्हात तापू नये म्हणून पाइपावर रबराची नळी चढवलेली. दिसायला काही फार सुंदर नाही. खुशालरावांना तो मुळीच आवडलेला नाही.

पण तो तयार झाल्याबरोबर त्यांचा झाला. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी उद्घाटन ठरलं.

मी शाळेत पोचले तर फाटकाशी रांगोळी, लाउडस्पीकर, आणि रॅम्पच्या तोंडाशी एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत बांधलेली लाल फीत. वर व्हरांड्यात खुशालराव, समितीची मंडळी, ताटात कात्री घेतलेली एक मुलगी. ते सगळे पायऱ्यांनी वर गेले होते. पाहुणे अमरावतीहून यायचे होते, आले नव्हते. प्रार्थना झाली, मुलं वर्गात गेली, पहिल्या तासाची घंटा झाली. माझा तास दहावीवर होता, बीजगणिताची चाचणी ठेवली होती. प्रश्न माझ्या पिशवीत, आणि मी खाली, फितीसमोर.

साधनाबाई वरून हळूच म्हणाल्या, "बाई, थोडं थांबता?"

"पाहुणे केव्हा येणार?"

खुशालराव म्हणाले, "येऊन राहिले. रस्त्यात हाय. तुमी उन्हात नका थांबू, तिकडं झाडाखाली बसा. फीत कापली का आमी बलावतो तुमाले. पह्यला फोटो तुमचाच घेऊ."

मी झाडाखाली गेलेही असते, मोहसीन. खरंच. एवढं झाल्यावर आणखी एक सकाळ गेली असती तर काय बिघडत होतं. पण त्यांनी मग त्या कात्रीवाल्या मुलीला सांगितलं, "बाईले घाई हाय. बाईले नेहमीच घाई असते." आणि हसले.

मी पिशवी मांडीवर घट्ट ठेवली, उजव्या हाताने खालचा पाइप धरला आणि ओढलं.

फीत आधी गुडघ्यांवर ताणली. मग पोटाशी आली. क्षणभर मला वाटलं, ही मलाच मागे ढकलणार. मग कुठल्यातरी बाजूची गाठ सुटली आणि ती सरकन पुढच्या चाकात गेली. वर कुणीतरी "अहो बाई, अहो बाई" म्हणत होतं. मी वर पाहिलं नाही. उजव्या हाताने ओढायचं, डाव्याचा तळवा चाकावर दाबून धरायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा ओढायचं. मध्यावर तळवा सरकला आणि खुर्ची तिरकी झाली. एक शिपाई धावत आला. मी त्याला म्हटलं, "हात लावू नका." तो माझ्या मागे हात पसरून उभा राहिला, पण त्याने लावला नाही. मी पाइपाला धरून नुसती लटकून राहिले, दम येईपर्यंत. पाइप हलला नाही. मग पुन्हा ओढलं.

वर पोचले तेव्हा खुशालराव रिकाम्या हाताने उभे होते. कात्री ताटातच होती. फाटकाशी मनकर्णाबाई मुलीला सोडायला आलेली उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "झालं उद्घाटन. जा बाप्पा आपापल्या कामाले." आणि मग मला, तेवढ्याच मोठ्याने, "बाई, या टायमाले माह्या पोरीले पास करजा."

मी म्हटलं, "अभ्यास केला तर करीन."

"खडूस हाय," ती शेजारणीला म्हणाली. मला ऐकू जाईल असंच.

वर्गात गेले. चाकात गुंतलेली फीत पोरींनी सोडवली. चाचणी घेतली. निम्मा वर्ग वर्गसमीकरणात चुकला.

मला या प्रकाराचा पश्चात्ताप झालेला नाही. पाहुणे दुपारी आले, तेव्हा त्यांच्यासाठी नवी फीत बांधली, ती कापली, फोटो काढले. मी तेव्हा वर्गात होते. पेपरात बातमी आली ती खुशालरावांच्या नावाने: अपंगांसाठी तळमळणारे अध्यक्ष. साधनाबाईंनी ते कात्रण सूचनाफलकावर लावलं, मी मागितलं तेव्हा काढलं. राग येतो, मोहसीन. जे द्यायला यांना ओढून आणावं लागलं त्याचा हार पुन्हा यांच्याच गळ्यात. पण राग येतो म्हणून मी चढणं थांबवत नाही. परवा सातवीतल्या एका पोराचे आजोबा काठी टेकत आले आणि वरच्या पाइपाला धरून सावकाश व्हरांड्यात गेले. ते कुणाला काही न सांगता गेले, मला तेच बरं वाटलं.

आता तुझ्या-माझ्यातलं.

अकोल्याला मी राहायला येणार नाही. सईदा चांगली आहे, तू चांगला आहेस, तुमच्या घराला उंबरा आहे आणि संडास जिन्याच्या वर आहे. त्याहूनही खरं कारण हे की तिथे मी पाहुणी असेन, इथे मी बाई आहे. पुढे कधी काही बदललं तर ते आधी मी ठरवीन आणि नंतर पहिल्यांदा तुला सांगेन. या क्रमाने.

माझा राग पूर्ण गेलेला नाही. तुला वाटत असेल, शाळेत जाऊन बोललो, झालं. नाही झालं. सभेतली ती सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली मला अजून दिसतात. पण हाताचं हे जे लिहिलंय ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. साधनाबाईंना नाही, मनकर्णाबाईला नाही. पहिल्यांदा तुला सांगितलं, कारण मी सांगायची वाट न पाहता तुला दुसऱ्याकडून कळावं, असं आता मला नको आहे.

येत्या शनिवारी अमरावतीला डॉक्टरांकडे जायचं आहे. नसेचं ऑपरेशन करून काही उपयोग होईल का, ते सांगणार आहेत. मला थोडी भीती वाटते. रिक्षा ठरवली आहे, मी जाणारच आहे. तुला यायचं असेल तर ये, दवाखान्याच्या दाराशी सकाळी थांब. आत माझ्याबरोबर चल. डॉक्टरांशी मी बोलेन, ते मला विचारतील त्याचं उत्तर मी देईन, आणि ऑपरेशन करायचं की नाही ते मी सांगेन. तू शेजारी बस.

ते वाईट काही म्हणाले, तर माझा उजवा हात धरला तरी चालेल. विचारून.

रागावलेली, आणि तुझीच,
आपा